परक्याच्या माडीवरचा संसार

ज्याला आपण व्यवहारी माणूस म्हणतो त्याला जुन्या घरगुती संगणकांचा छंद समजावून सांगणे म्हणजे सावकाराला मात्रावृत्ते शिकवण्यासारखे आहे. तो पहिला प्रश्न विचारतो, "याचा उपयोग काय?" आणि दुसरा विचारतो, "विकले तर किती येतील?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे ऐकून तो आपल्याकडे अशा काही करुणेने पाहतो की, तोंडातला चकलीचा तुकडा घशातच अडकावा. पण माझे आजचे भांडण त्या व्यवहारी गृहस्थाशी नाही. त्याला त्याचा व्यवहार लखलाभ असो. माझे भांडण आहे ते खुद्द छंदिष्टांशी. जगभर विखुरलेल्या या मंडळींनी वर्षानुवर्षे खपून एकमेकांशी बोलण्याची आणि एकमेकांना फायली देण्याघेण्याची जी एक सुंदर रीत बसवली, ती आज तीच मंडळी निव्वळ आळसापोटी मोडीत काढीत आहेत, असा माझा त्यांच्यावर आरोप आहे. भांडण घरातले आहे. म्हणून आवाज जरा चढला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ज्यांना या यंत्रांची ओळख नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा संगणक विक्रीस आणला. पाटीएवढा आकार, रबरी बटने, आणि स्मरणशक्ती १६ नाही तर ४८ किलोबाइट. आज तुमच्या खिशातल्या फोनने काढलेला लाडवांच्या ताटाचा एक फोटोसुद्धा त्या ४८ किलोबाइटांत मावायचा नाही. किंमत १२५ पौंडांपासून पुढे. पडदा म्हणून घरचाच टीव्ही, आणि साठवणीसाठी घरचाच कॅसेटचा टेपरेकॉर्डर. कॅसेट लावली की आधी एक लांबलचक शिट्टी, मग रातकिड्यांनी भांडण काढावे तशी किरकिर. पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे नाचू लागत, आणि चार-पाच मिनिटांनी, घरातल्या कुणी मध्येच टेपरेकॉर्डरला धक्का लावला नसेल तर, खेळ सुरू होई. त्याच वर्षी अमेरिकेत कमोडोर ६४ निघाला. ब्रिटनच्या शाळांतून बीबीसी मायक्रो बसला होता. तोच पुढे १९८४च्या सुमारास सरकारच्या 'क्लास' योजनेतून आपल्याकडे आला आणि पहिल्या खेपेस २५० शाळांत जाऊन पोचला. स्पेक्ट्रमही १९८६पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने आपल्या देशात विकला. तेव्हा "हे सगळे साहेबाचे चोचले" असे म्हणून आपल्याला हात झटकता यायचे नाहीत.

आता खरी गोष्ट अशी की, ही यंत्रे एकट्याने चालवण्याची यंत्रे कधीच नव्हती. प्रोग्रॅमवाचून संगणक म्हणजे धान्यावाचून जाते. आणि प्रोग्रॅम मिळायचा कुठून? दुकानातून थोडा, मासिकात छापलेल्या याद्या बोटे दुखेपर्यंत टंकून थोडा, आणि उरलेला सगळा शेजाऱ्याकडून. देवाणघेवाण हा या छंदाचा अलंकार नव्हे, हाडामांसाचा भाग आहे. मार्च १९७५मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबाची पहिली बैठक भरली, तेव्हापासून ही देवाणघेवाण चालू आहे. आणि तिच्यावरचे भांडणही जवळजवळ तितकेच जुने आहे. त्या क्लबात अल्टेअर यंत्रासाठी लिहिलेल्या बेसिक भाषेची छिद्रे पाडलेली कागदी फीत कुणी नकलून वाटली. एक न्यावी आणि पुढच्या खेपेस दोन आणाव्यात, असा तिथला परिपाठ. ती बेसिक लिहिणाऱ्यांपैकी एक वीस वर्षांचा तरुण संतापला आणि त्याने ३ फेब्रुवारी १९७६ रोजी छंदिष्टांना एक अनावृत पत्र लिहिले. वापरणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांनीही पैसे मोजलेले नाहीत, आमच्या मेहनतीचा मोबदला तासाला दोन डॉलरही पडत नाही, असा त्यातला हिशेब होता. त्या तरुणाचे नाव बिल गेट्स. त्याचे म्हणणे चूक होते असे मी म्हणणार नाही. ज्याने घाम गाळला त्याला दाम मिळाला पाहिजे. पण नियतीची विनोदबुद्धी पाहा: एप्रिल २०२५मध्ये, कंपनीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, त्याच गृहस्थांनी त्याच बेसिकची मूळ संहिता आपण होऊन जगाला फुकट वाचायला दिली. बाजारातला भाव संपल्यावर उरते ते इतिहासातले मोल, हे एवढ्या मोठ्या व्यापाऱ्यालाही अखेर पटले; आमच्या छंदिष्टांना मात्र ते पटवून द्यावे लागते आहे.

या देवाणघेवाणीच्या किती तऱ्हा झाल्या! हॉलंडमध्ये नभोवाणीने कमाल केली. तिथल्या 'हॉबीस्कूप' नावाच्या कार्यक्रमात संगणकाचे प्रोग्रॅम चक्क रेडिओवरून प्रसारित होत. कॅसेटवरची ती किरकिर म्हणजे शेवटी ध्वनीच; मग तो हवेतून पाठवायला काय हरकत? ऐकणाऱ्याने रेडिओपुढे टेपरेकॉर्डर धरायचा आणि नंतर ती फीत आपल्या यंत्राला ऐकवायची. पण यंत्रे नाना जातींची, एकाची बेसिक दुसऱ्याला कळायची नाही. तेव्हा त्या मंडळींनी 'बेसिकोड' नावाची एक समाईक बोली ठरवली, म्हणजे एकच प्रसारण सगळ्यांच्या घरी चालावे. बेलग्रेडच्या रेडिओनेही हाच उद्योग केला. तिथे तर संगणक बाहेरून आणणे दुरापास्त, म्हणून वोया अँटोनिच नावाच्या एका इसमाने 'गालाक्सिया' या संगणकाचा आराखडाच मासिकातून छापून टाकला, आणि लोकांनी तो घरोघर बसून जोडला. सरकारी नभोवाणीने रात्री किरकिर ऐकवावी आणि तरुणांनी ती जपून ध्वनिमुद्रित करावी, असला प्रकार आमच्या आकाशवाणीवर झाला असता तर सकाळी पत्रांचा पाऊस पडला असता!

आणि टेलिफोनची कथा. जानेवारी १९७८मध्ये शिकागो शहर बर्फात गाडले गेले. घरात अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्वेस या दोघा मित्रांनी तो वेळ सत्कारणी लावला आणि १६ फेब्रुवारीस जगातला पहिला संगणकीय सूचनाफलक सुरू केला. कुणीही टेलिफोन फिरवावा, आधीच्यांनी लिहून ठेवलेले वाचावे, आपले चार शब्द डकवावेत आणि फोन ठेवावा. एका वेळी एकच माणूस! क्लबाच्या भिंतीवर कागद टाचण्याचा बुचाचा फळा असतो ना, तोच तारेवर चढवला. याच क्रिस्टेन्सनने आदल्या वर्षी फाईल पाठवण्याची एक पद्धत बांधली होती. फाईलचे १२८ अक्षरांचे पुडके करायचे, प्रत्येक पुडक्याबरोबर त्याची बेरीज पाठवायची. घेणाऱ्याने बेरीज ताडून पाहायची, जुळली नाही तर "पुन्हा पाठवा" म्हणायचे. वाण्याने तोलावे आणि गिऱ्हाइकाने घरी जाऊन पुन्हा तोलावे, असा चोख कारभार. ही पद्धत त्याने कुणालाही वापरायला मोकळी सोडली. तिचे पुढे किती तरी अवतार झाले. क्रिस्टेन्सन २०२४मध्ये वारला तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्याला चार ओळी मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. असो.

या सगळ्यांतून शेवटी जी घडी बसली तिचा उत्तम नमुना म्हणून मी स्पेक्ट्रमवाल्यांकडे बोट दाखवीन. विद्यापीठांच्या यंत्रांमधून १९७९-८०च्या सुमारास निघालेल्या 'यूझनेट' या चर्चाजाळ्यावर त्यांचा स्वतंत्र कट्टा होता. तिथे जे बोलणे चाले ते उघड्यावर. कुणीही यावे, कुणीही वाचावे, आणि जे लिहिले ते जगभरच्या असंख्य यंत्रांवर नकलून पडावे. दुसरीकडे १९९५मध्ये मार्टिन व्हान डेर हाईडे या डच गृहस्थाने 'वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम' नावाचा संग्रह सुरू केला. नुसता फायलींचा ढीग नव्हे बरे का! प्रत्येक कॅसेटचे नाव, प्रोग्रॅम कुणी लिहिला, कुणी प्रसिद्ध केला, साल कोणते, कॅसेटच्या आतले चित्र, सोबतची माहितीपत्रिका, असे सगळे तपशीलवार. १९९७च्या सुमारास 'टीझेडएक्स' हा फाईलप्रकार ठरवला गेला. त्याचे महत्त्व असे की, तो कॅसेटवरच्या आवाजाच्या स्पंदनांची मोजदाद ठेवतो, नुसत्या अक्षरांची नव्हे. जुन्या प्रकाशकांनी नकला होऊ नयेत म्हणून कॅसेटमध्ये ज्या चमत्कारिक युक्त्या केल्या होत्या त्यासुद्धा त्यात जशाच्या तशा उतरतात. जुनी पोथी नकलताना काकपद, खाडाखोड आणि समासातली टीपही उतरवावी तसे हे काम आहे.

याहून मला थोर वाटते ती दुसरी गोष्ट. या लोकांनी परवानगी मागितली! कंपन्या बुडालेल्या, लेखक पांगलेले, तरी शोधून शोधून त्यांना गाठले, "तुमचा जुना खेळ ठेवू का?" म्हणून विचारले. पुष्कळांनी आनंदाने हो म्हटले. काहींनी नकार दिला. त्यांच्या नावापुढे "वितरणास नकार" असे नमूद करून फाईल काढून घेतली. सिंक्लेअरचे संगणक १९८६मध्ये अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने ५० लाख पौंडांना विकत घेतले होते. यंत्राच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम तिच्या मालकीचा. १९९९ साली त्याच यूझनेटच्या कट्ट्यावर कंपनीच्या माणसाने येऊन सांगितले की, आमच्या मालकीची नोंद पुसू नका आणि त्याचे पैसे घेऊ नका, मग खुशाल वापरा. ना वकील, ना नोटीस. चव्हाट्यावर विचारलेल्या प्रश्नाला चव्हाट्यावर उत्तर. ते उत्तर सगळ्यांनी पाहिले, जपून ठेवले, आणि आजही त्याचा दाखला देता येतो.

इथेच माझ्या म्हणण्याचे मर्म आहे. फाईल आणि तिच्याविषयीचे बोलणे ही एका नाण्याची दोन अंगे आहेत. एक ठेवून दुसरे फेकता येत नाही. कोणती नक्कल पुरी आहे, कोणती शेवटच्या टप्प्यावर अडकते, कोणता लेखक टोपणनावाने लिहीत असे, कोणत्या यंत्रात कोणता कंडेन्सर आधी फुगतो, हे ज्ञान फाईलमध्ये नसते. ते माणसांच्या बोलण्यात असते. आम्हां मराठी माणसांना हे नव्याने सांगायला नको. इतिहासाचार्य राजवाडे खेडोपाडी पायपीट करून जुनी दप्तरे गोळा करीत हिंडले आणि १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड काढू लागले, तेव्हा त्यांनी नुसते कागद छापले नाहीत. कागद कुठला, कुणाचा, त्याच्यावर विश्वास किती ठेवावा, हे सांगणाऱ्या त्यांच्या प्रस्तावनांवर लोक अजून भांडतात. कागदाला प्रस्तावना नसेल तर तो रद्दीच. आणि फाईलला चर्चा नसेल तर तिचीही तीच गत.

इतकी चांगली बसलेली घडी मोडली कशी? दरोडा पडला नाही, आग लागली नाही. एका श्रीमंत गृहस्थाने म्हटले, "कशाला उन्हातान्हात कट्ट्यावर बसता? आमच्या माडीवर या. बैठक घातलेली आहे, पंखा आहे, फायली ठेवायला कपाटही आहे. भाडे? छे छे, तुमच्याकडून भाडे कसले घ्यायचे!" आणि आमची मंडळी वहाणा काढून वर गेली. याहू कंपनीच्या 'ग्रुप्स'वर जुन्या यंत्रांचे कितीतरी कंपू जमले. गप्पा तिथेच, फायलींचे कपाट तिथेच. सोय तर होतीच; ती मी नाकारीत नाही. पुढे माडीचा मालक बदलला. ऑक्टोबर २०१९मध्ये नव्या मालकाने सांगितले की कपाटे रिकामी करून टाकणार. डिसेंबरात त्याप्रमाणे केले. आणि १५ डिसेंबर २०२०ला माडीला कायमचे कुलूप लावले. जवळपास वीस वर्षांचे बोलणे! काही स्वयंसेवकांनी घाईघाईने मिळेल ते उपसून काढले, म्हणून थोडेफार वाचले. पण ज्या कंपूंची कुणाला आठवणच राहिली नव्हती त्यांचे काय झाले असेल? जुन्या डिस्क ड्राइव्हचा पट्टा कुठे मिळतो, हे सांगणारे एखादे पत्र, ज्याच्यावाचून ते यंत्र आज कुणालाही चालू करता येणार नाही, ते कुठल्या गटारात गेले?

याच्या उलट यूझनेटचे पाहा. गूगलने २००१मध्ये यूझनेटच्या जुन्या संदेशांचा फार मोठा साठा विकत घेतला आणि आपल्या दारातून लोकांना तिथे ये-जा करू दिली. २२ फेब्रुवारी २०२४ला त्यांनी ते दार बंद केले. जुने पाहा, पण नवे काही इथून लिहू नका, म्हणाले. म्हणून यूझनेट मेले काय? मुळीच नाही! कारण ते एका मालकाचे नव्हते. एका वाड्याचा दरवाजा बंद झाला, लोक दुसऱ्या वाड्यातून आले. एका मालकाचा ग्रुप एका दिवसात नाहीसा झाला. बिनमालकीचा कट्टा, गर्दी ओसरली तरी, जागेवर आहे. शहाण्याला एवढा धडा पुरे व्हावा.

पण नाही! याहूच्या माडीवरून खाली उतरलेली मंडळी समोरच्या माडीवर चढली. आज जुन्या संगणकांच्या गप्पा कुठे चालतात? फेसबुकच्या बंद गटात, डिस्कॉर्डच्या खोल्यांत, आणि आपल्याकडे अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथे जो बोलतो तो त्या खोलीतल्यांनाच ऐकू येतो. बाहेरच्या शोधणाऱ्याला त्याचा मागमूस लागत नाही. डिस्कॉर्डवर टाकलेल्या फाईलचा दुवा बाहेर दिला तर तो थोड्याच वेळात निकामी होतो. २०२३च्या अखेरीस कंपनीने तसे जाहीरच केले. व्हॉट्सअ‍ॅपवर तर आनंदीआनंद! सकाळी गुलाबाच्या फुलांत गुंडाळलेली शुभेच्छा, मग कुणाच्या नातवाचे बारसे, मग एक दुर्मिळ फ्लॉपीची फाईल, मग पुन्हा गुलाब. महिन्याभरात कुणी ती फाईल उतरवून घेतली नाही, तर ती कंपनीकडेही राहत नाही. नवा माणूस येतो आणि विचारतो, "माझ्या स्पेक्ट्रमचा पडदा काळा दिसतो, काय करू?" त्याला उत्तर मिळते. सहा महिन्यांनी दुसरा येतो, तोच प्रश्न विचारतो, त्याला तेच उत्तर मिळते. चौथ्या खेपेला उत्तर देणारा वैतागून गट सोडतो, आणि ज्ञानाची ती शिदोरी त्याच्याबरोबर जाते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला सोयीचा. "लोक जिथे आहेत तिथेच जायला नको का?" अवश्य जा! बाजारात दवंडी पिटायला जावे, पण म्हणून कुणी घरातला दागिन्यांचा डबा बाजारात नेऊन ठेवीत नाही. माडीवर गप्पा माराव्यात, पण उत्तर सापडले की ते चार ओळींत लिहून उघड्या जागी ठेवावे, आणि फाईल संग्रहात नेऊन द्यावी. यात पंधरा मिनिटांहून अधिक वेळ जात नाही.

दुसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे. स्वतःच्या घराला राखणदार लागतो. आणि राखणदार थकतो, कंटाळतो, मरतो. हे खरे आहे. खुद्द वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रमच्या संस्थापकाने सूत्रे खाली ठेवल्यावर त्या संग्रहाची वाढ खुंटली आणि चाहत्यांत बरीच कुरबुर झाली. पण पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. इतर मंडळींनी ती सारी सूची नव्याने बांधली, 'झेडएक्सडीबी' असे तिचे नाव ठेवले, आणि ती सबंध कुणालाही उचलून नेता येईल अशी मोकळी ठेवली. आता एकाच सूचीवर अनेक ठिकाणी निरनिराळे संग्रह चालतात. एक दिवा विझला तर दुसऱ्यावरून लावता येतो. राखणदार मरणारच, हे गृहीत धरून जो घर बांधतो तोच खरा व्यवहारी. ज्याला नकला करू देत नाहीत, ज्याची सूची मिळत नाही, असा संग्रह कितीही प्रेमाने राखलेला असो, तो एका माणसाच्या आयुष्याएवढाच टिकतो. आमच्यातल्या काही संग्राहकांना हे ऐकून राग येईल. दुर्मिळ कॅसेट कपाटात ठेवून "माझ्याकडे आहे हो!" एवढेच सांगणारे, आणि मागितली की गालात हसणारे महाभाग प्रत्येक छंदात असतात. चुंबकीय फितीवरचा थर आपल्या पावसाळ्यात किती वर्षे टिकतो आणि बुरशीला ती किती आवडते, हे त्यांनी एकदा कपाट उघडून पाहावे.

कायद्याची बाजू तर याहून विपरीत आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये पाहणी केली तेव्हा असे आढळले की, अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नाहीत. म्हणजे पैसे द्यायला तयार असलेल्या माणसालाही ते विकत घेता येत नाहीत. तरीही ऑक्टोबर २०२४मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने, ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दूरवरून पाहू द्यावेत ही मागणी फेटाळली. अमेरिकेतल्या कंपनीने १९८३मध्ये काढलेला खेळ तिथल्या कायद्याप्रमाणे २०७९ साल उजाडल्यावर मोकळा होणार. तोवर ती कॅसेट कुठे, ती वाजवणारे यंत्र कुठे, आणि ते यंत्र पाहिलेली माणसे कुठे! इंग्लंडात १०८६मध्ये चर्मपत्रावर लिहिलेले डूम्सडे बुक आज वाचता येते. त्याच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ साली, बीबीसीने हौसेने लेझर-तबकड्यांवर केलेला नवा डूम्सडे सोळा वर्षांत वाचता येईनासा होऊ लागला, आणि तो सोडवायला विद्यापीठांना वेगळा खटाटोप करावा लागला. मी चोरीचा पुरस्कर्ता नाही. जो खेळ आजही विकला जातो त्याची फुकट नक्कल वाटणाऱ्याला मी छंदिष्ट म्हणणार नाही, आणि ज्या लेखकाने "नको" म्हटले त्याचे "नको" मानले पाहिजे. पण ज्याला मालकाने स्वतःच उकिरड्यावर टाकले आहे, त्याच्याभोवती शंभर वर्षांचे कुंपण घालून ठेवणे, हा न्याय नव्हे. गवताच्या गंजीवर बसलेल्या कुत्र्याचा तो हट्ट आहे.

आता कुणी म्हणेल, स्पेक्ट्रम राहिला काय आणि गेला काय, आमचे काय अडले? तुमचे अडले आहे. हे दिवाळी अंकच घ्या. १९९०नंतर मराठी छपाई संगणकावर आली. पुण्याच्या सीडॅकने, 'श्रीलिपी'सारख्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी मराठी अक्षरे पडद्यावर आणण्याचे मोठे काम केले. त्या काळी युनिकोडचा प्रसार नव्हता. १९९१मध्ये 'इस्की' हे आपले सरकारी मानक आले, पण छपाईच्या फाँटांनी आपापल्या वाटा धरल्या. रोमन अक्षरांच्या घरांत काना-वेलांट्या बसवलेल्या असत, आणि प्रत्येक फाँटाची घरे निराळी. परिणाम असा की, त्या काळची फाईल आज उघडावी तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. कोणत्याही जुन्या छापखान्यात जाऊन विचारा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या अंकांची सीडी दाखवतील, मजकूर वाचून दाखवू शकणार नाहीत. ज्या कथा-कविता पुढे पुस्तकात आल्या त्या वाचल्या. बाकीच्यांची भिस्त आता छापील अंक कुणाच्या तरी माळ्यावर उरला असेल यावर.

हा चिवडा पुन्हा मराठी करता येतो. त्यासाठी त्या फाँटात कोणत्या घरात कोणते अक्षर बसवले होते त्याचा तक्ता लागतो, आणि त्याप्रमाणे मजकूर फिरवणारा एक छोटा प्रोग्रॅम. असे तक्ते आणि असे प्रोग्रॅम हौशी मंडळींनी केले आहेत. पण ते एका उघड्या ठिकाणी, नावानिशी, सूचीसकट, प्रत्येकाच्या गुणदोषांच्या चर्चेसह एकत्र ठेवले आहेत काय? ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३मध्ये निघाले, मुंबईचे १८९८मध्ये. पुस्तके राखायची तर घर आपले हवे, हे त्या पिढीला वीज नसतानाही दिसत होते. आमच्या हाती वीजच काय, सारे जग आहे, आणि आम्ही जोडाक्षरांचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर मागतो.

स्पेक्ट्रमवाल्यांनी पोटातल्या प्रोग्रॅमची परवानगी चव्हाट्यावर मागितली आणि मिळवली; मराठी फाँटांच्या जुन्या कर्त्यांनाही तसेच उघडपणे विचारता येईल. 'क्लास' योजनेतले बीबीसी मायक्रो ज्या शाळांत आले होते त्यांतल्या काहींच्या अडगळीत आजही फ्लॉप्या असतील. त्या काळी शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमांची दुसरी प्रत जगात कुठेही असण्याचा संभव नाही. ते विद्यार्थी आता पन्नाशी ओलांडून गेले. शाळेच्या मुख्याध्यापकांनी भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा माजी विद्यार्थ्यांना बोलावून पाहावे. ज्यांच्या घरी स्पेक्ट्रमच्या कॅसेट आहेत त्यांना तर फारच थोडे करायचे आहे. कॅसेट उतरवायला एक चालू टेपरेकॉर्डर, एक वायर आणि सुट्टीतली एक दुपार लागते. वेष्टनावर जे जे छापले आहे त्याचा फोटो काढावा, कुणी लिहिले आणि कुणाकडून मिळाली ते आठवत असेल तर चार ओळींत लिहावे, आणि फाईल, फोटो, मजकूर असे तिन्ही एकदम दोन निरनिराळ्या उघड्या संग्रहांकडे पाठवावेत. गटावर टाकायचे असेल तर नंतर खुशाल टाका. शुभेच्छांच्या गुलाबांखाली ते गडप व्हायला तसाही फार वेळ लागणार नाही.